टूटूची गोष्ट मराठीत यायला हवी

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहायला आलेला पाहुणा बहुधा दोन गोष्टी ऐकून परततो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इथे नजरकैदेत होता आणि त्याच्या नातीने याच गावात शेणी विकल्या. पाहुणा हळहळतो. त्या हळहळीत टूटू मात्र हरवते.

1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि पुढच्या वर्षी थिबाला सहकुटुंब रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाड्यात राहायला जाईपर्यंत 1910 उजाडले. 1916 मध्ये राजा इथेच वारला. थोरल्या राजकन्येचे वाड्यावरच्या गोपाळ सावंत या दरवानाशी जुळले होते. सावंतांचे लग्न झालेले होते. त्या दोघांची मुलगी टूटू. राजघराणे 1919 मध्ये मायदेशी गेले, राजकन्याही गेली. पण पुढे लेकीला घेऊन ती रत्नागिरीला परतली आणि 1947 मध्ये इथेच तिचा अंत झाला. टूटूने शंकर पवारांशी लग्न केले, मोठा संसार केला आणि मराठी बोलत आयुष्य काढले. 2000 साली ती गेली.

त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ प्रसिद्ध झाली. तिच्यातही राजकन्येला दिवस जातात, पण तिथला सावंत कोचमन आहे. 2012 मध्ये सुधा शाह यांनी ‘द किंग इन एक्झाइल’मध्ये राजाच्या चारही मुलींचा माग काढला. दोन्ही पुस्तके मोलाची आहेत. पण दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि दोन्हींची वाट राजवाड्यापासून सुरू होते.

वाड्याच्या गच्चीवरून पाहिले की टूटूचे आयुष्य म्हणजे नुसती घसरण वाटते. पवारांच्या पडवीतून पाहिले तर? तिथे गुरांचे शेण थापणारी, पोरांना वाढवणारी, गावात सर्वांच्या ओळखीची एक बाई दिसते. तिला ‘अर्धी बर्मी, अर्धी मराठी’ असे वाटून टाकणे अन्यायाचे आहे; ती पुरती रत्नागिरीची होती, आणि राजाची नातही होतीच. सावंतांच्या पहिल्या घरात त्या काळी काय वादळ उठले असेल, हेही कुणी तरी त्या घराच्या बाजूने लिहायला हवे.

आई मंडालेच्या राजवाड्यात जन्मलेली, तिची भाषा बर्मी. लेकीच्या तोंडी मराठी. मग या मायलेकी भांडत कोणत्या भाषेत असतील, आणि आजारपणात आईने लेकीला हाक कशी मारली असेल? रत्नागिरीची बोली कानात मुरलेल्या लेखकाने आता तिथून सुरुवात करावी.