चिलटाचे ‘नाक’ आणि गडचिरोलीचा मलेरिया: डासाला माणूस नेमका कसा सापडतो?

देशात २०२७ पर्यंत मलेरियाचे स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत हा आजार हद्दपार करायचा, असे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात त्याची सर्वांत कठीण परीक्षा गडचिरोलीत आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलपट्ट्यातील तालुक्यांत मलेरिया पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. त्यासाठी राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलही नेमले आहे. या लढाईतला एक मूलभूत प्रश्न आहे: अंधारात डासाला माणूस कसा सापडतो? त्याच्या उत्तराची सुरुवात डासापासून नाही, तर चिलटापासून होते.

चिलटाचा इथे काय संबंध?

चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुले आंबू लागली की त्यांच्यावर बारीक चिलटे घोंगावतात. पिकलेल्या केळ्यावर बसणारे चिलट म्हणजे ड्रोसोफिला. आंब्यात अळी पाडणारी फळमाशी वेगळी. चिलटाला वास येतो तो डोक्यावरच्या मिशांमधून. तिथल्या चेतापेशींवर ‘ग्राही’, म्हणजेच रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. ती कुलपासारखी काम करतात. ठरावीक गंधाचा रेणू किल्लीसारखा बसला की पेशी मेंदूला संदेश पाठवते.

मुंबईत काय शोध लागला?

हे संशोधन जगात नवे असताना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी एक साधा प्रश्न विचारला. एखादे जनुक बिघडले, तर चिलट वास ओळखणे विसरते का? त्यांनी गंध आणि चव नीट न ओळखणारी चिलटे शोधून काढली. १९७८ मध्ये दोघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वास घेण्यामागे जनुके आहेत आणि ती एकेक करून शोधता येतात, हे त्यातून पुढे आले. गंधग्राहींची जनुके आधी १९९१ मध्ये उंदरांच्या कुळातील प्राण्यांत सापडली. त्या शोधाला २००४ चे नोबेल मिळाले. चिलटातील गंधग्राही १९९९ मध्ये सापडले.

ग्राही मेंदू कसा घडवतात?

चिलटाच्या गंधपेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचा गंधग्राही असतो. त्याच प्रकारच्या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूतल्या एकाच पुंजक्यात जाऊन जुळतात. असे सुमारे ५० पुंजके आहेत. प्रत्येक तंतूला आपली वाट कशी कळते? त्यासाठी पेशींवर वेगळे ग्राही असतात. त्यातला एक ‘रॉबो’. तो तंतूला ‘इकडे वळू नको’ असा इशारा वाचून देतो. रॉबो नसेल तर तंतू मज्जासंस्थेची मधली रेषा पुन्हा पुन्हा ओलांडत राहतात. म्हणजे काही ग्राही बाहेरचे जग ओळखतात, तर काही मेंदूची जोडणी करतात.

मुंग्यांत तर वास ओळखणारे ग्राहीच मेंदूच्या घडणीला लागतात. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मुंग्यांमधील ‘ऑर्को’ हे जनुक बंद केले. बहुतेक गंधग्राहींना काम करण्यासाठी या जोडीदाराची गरज असते. त्या मुंग्यांच्या मेंदूतला गंधाचा भाग खुरटला आणि त्या वारुळातल्या इतर मुंग्यांशी नीट वागेनाशा झाल्या.

डास काय करतो?

आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगणारे ग्राही चिलटात आणि डासात एकमेकांचे नातेवाईक आहेत. पण चालणारे चिलट त्या वायूपासून सहसा दूर जाते, तर डासाची मादी त्याच्या मागावर येते. कुलूप जवळपास तेच आहे, पण त्यामागची मेंदूची जोडणी वेगळी आहे.

मग ग्राही बंद केला तर डास फसेल का? २०१३ मध्ये डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासात ऑर्को बंद करून पाहिले गेले. त्या डासांना माणूस आणि इतर प्राणी यांतला फरक नीट कळेना. पण कार्बन डायऑक्साइड मिळताच ते पुन्हा माणसाकडे वळले. २०२२ मध्ये कारण स्पष्ट झाले. एडिसच्या एकेका गंधपेशीवर अनेक प्रकारचे ग्राही असतात. एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी असते. शिवाय शरीराची ऊब आणि ओलावाही त्याला कळतो.

गडचिरोलीसाठी याचा अर्थ काय?

मलेरिया पसरवणारा डास अ‍ॅनोफिलीस आहे, त्यामुळे एडिसचा प्रत्येक निष्कर्ष त्याला तसाच लागू होईल असे नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली: केवळ वासाने डासाला कायमचे चकवणारा उपाय सहज मिळणार नाही. डासाने कितीही वाटांनी माणूस हुडकला, तरी जाळी त्याला अडवते. म्हणून कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आजही महत्त्वाची आहे. पण ती घरात टांगून पुरत नाही. तेंदूपत्ता तोडायला किंवा शेतावर जागलीला जाणारा माणूस जिथे झोपतो, तिथे ती गेली पाहिजे.

दुसरी: २०१८ मध्ये केनियातील मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरियाचे परजीवी ज्या मुलांच्या रक्तात होते, त्यांचा वास डासांना जास्त ओढून घेत होता. अशा व्यक्तीला ताप असेलच असे नाही. त्यामुळे फक्त तापाच्या रुग्णांचे रक्त तपासले, तर डासाला बोलावणारा निरोगी दिसणारा माणूस सुटून जातो. साथीच्या गावात ताप नसलेल्यांचीही तपासणी आणि पूर्ण उपचार गरजेचे ठरतात, ते यामुळेच. आरोग्यसेवक घरी आल्यावर ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणून रक्त द्यायला टाळणे गावाला महागात पडू शकते.