महाग थेंब, स्वस्त थेंब

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, संध्याकाळी आग होते, वाऱ्यावर गेले की पाणी येते. अशा रुग्णाला मी 'तुमचे डोळे कोरडे पडले आहेत' म्हटले की त्याचा विश्वास बसत नाही. पाणी येते तर कोरडे कसे? अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर टिकत नाही, पृष्ठभाग चुरचुरतो, म्हणून डोळा पाणी सोडतो. ते गालावर ओघळते, थर मात्र सुधारत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला : 'डॉक्टर, सगळ्यांत चांगले थेंब कोणते?' माझे मत स्पष्ट आहे. थेंब महाग म्हणून अधिक गुणकारी, असे मानायला फारसा आधार नाही. कृत्रिम अश्रूंच्या ४३ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. बहुतेक थेंब एकमेकांच्या तोडीचेच निघाले. तेव्हा बाटलीवरचे ठळक नाव सोडा, बारीक अक्षरे वाचा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के बहुतेकांना पुरते. १ टक्क्याचे दाट असते, जास्त टिकते, पण काही वेळ धूसर दिसते. ते झोपताना बरे. सोडियम हायलुरोनेट काहींना अधिक मानवते. कोणतेही घ्या, तीन-चार आठवडे नेमाने घाला. दोन दिवसांत बाटली बदलणाऱ्याला कशानेच गुण येत नाही!

पैसे खर्चायचेच तर एका बाबतीत खर्चावेत. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखे संरक्षक द्रव्य घालतात. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील तर हेच द्रव्य डोळ्याला दुखावते. अशांनी 'प्रिझर्व्हेटिव्ह फ्री' थेंब मागावेत. त्याची एकदाच वापरायची कुपी उरली तरी उद्यासाठी ठेवू नये.

मला खरी धास्ती वाटते ती निराळ्याच बाटलीची. शेजाऱ्याला गुण आला म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत पुष्कळदा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही स्टेरॉइडे. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणूस महिनोन्महिने घालत राहतो. आत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, तोही न दुखता. त्यात गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने परत येत नाही. घरात अशी बाटली असेल तर ती घेऊनच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि दाब मोजून घ्या.