बर्फावरचे मुक्काम

दोस्तांनो, कोल्हारवरून शिर्डीला पायी निघालेले पदयात्री पाहिलेत ना? मुक्काम दरमुक्काम चालायचं! युरोपात अशाच टप्प्याटप्प्यांची एक शर्यत होते, पण बर्फावर. पायांना लांब पट्ट्या म्हणजे स्की बांधून! ही ‘टूर द स्की’ २००६च्या ३१ डिसेंबरला सुरू झाली. प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवायची, शेवटी बेरीज. कमीत कमी बेरीज, तो विजेता. एखादा टप्पा हरलात तरी आशा असते बरं का! पोलंडची युस्तीना कोवालचिक २०१० ते २०१३ अशी सलग चार वेळा जिंकली. पंधरा ऑलिंपिक पदकांच्या मारित ब्यॉर्गेनला मात्र ही शर्यत एकदाच जिंकता आली, २०१५ साली. शेवटचा टप्पा इटलीतल्या चेर्मिस डोंगराचा. ज्या उतारावरून एरवी लोक भुर्रकन घसरत येतात, तोच हे चढतात! वर पोचले, की कित्येक जण बर्फावर आडवेच.