गोठ्यातली मरीया कुणाची?



नाताळ जवळ आला की धर्मग्रामात फ्लेक्स, पत्रिका, गोठ्याचा पडदा यांची घाई सुरू होते. आता ती मोबाइलवरच मिटते. ‘एआयला सांग, चार चित्रं देईल, त्यातलं एक घेऊ.’ मग माणूस काय करतो? मरीयेच्या हाताला आलेलं सहावं बोट पुसतो, ‘ख्रिस्त’मधलं मोडलेलं जोडाक्षर सांधतो. याला म्हणे सहकार्य! कल्पना यंत्राची आणि झाडलोट आपली. ही वाटणी उलटी आहे, मला ती मान्य नाही.

आजवरच्या असंख्य चित्रांवर यंत्र शिकलेलं असतं, त्यांचीच सरमिसळ ते पुढे ठेवतं. नुसती ‘पवित्र मरीया’ मागितली की बहुधा गोरी, निळ्या वस्त्रातली, युरोपातली बाई येते. साडी नेसव म्हटलं तर नेसवेलही. पण साडी हवी हे सुचणार कुणाला?

गोव्याच्या अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांना ते सुचलं. अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकून आलेल्या या चित्रकाराने मरीयेला साडी नेसवली, आपल्या मातीचा चेहरा दिला. गोव्यात पुष्कळांना ते रुचलं नाही. ते पुण्याला गेले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून रंगवत राहिले. आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांची चित्रं जपलेली आहेत. लोकांच्या आवडीची सरासरी काढत बसले असते तर त्यातलं एकही झालं नसतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे फोन्सेका, आणि पैसे तरी कुठे? निर्गमाचा एकतिसावा अध्याय उघडा. निवासमंडपाच्या कामासाठी परमेश्वर बसालेलला नावाने बोलावतो, त्याला आपल्या आत्म्याने भरतो. हत्यारं त्याच्याकडेही असणारच. आत्मा हत्यारांत नाही भरला.

यंत्राने मापं बसवावीत, रंग उजळावेत, छापखान्यासाठी फाइल तयार करावी. खुशाल. पण मरीयेचा चेहरा कसा, गोठा कुठल्या गावचा, हे आपल्यातल्या कुणीतरी आधी कागदावर काढावं, वेडंवाकडं का होईना. धर्मशिक्षणाच्या वर्गात वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारी पोरं आहेत (वह्या मीच तपासतो, म्हणून ठाऊक). यंदाचा पडदा त्यांना द्या, आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारआधी द्या. रंग वाळायला वेळ लागतो.