फी-सवलतीचा अर्ज आणि आपला मान



गेल्या रविवारी स्वाध्याय झाल्यावर बस्तीच्या कट्ट्यावर आम्ही सातआठ जणी बसलो होतो. विषय निघाला शाळेच्या फीचा. मार्च जवळ आला की तो निघतोच. एक काकू, वयानं आणि घराण्यानं मोठ्या, म्हणाल्या, "आपल्यातल्या बायका हल्ली फी-सवलतीचे अर्ज करायला लागल्यात म्हणे! आपण देणारे लोक. घेणाऱ्यांच्या रांगेत कधीपासून उभे राहायला लागलो?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन वर्षांपूर्वी मी तो अर्ज केलाय, हे त्यांतल्या निम्म्या जणींना ठाऊक आहे. त्या निम्म्या जणी माझ्याकडे न बघता मान हलवत होत्या. मीही गप्प बसले. तिथं बोलता आलं नाही ते आज लिहिते आहे, आणि काकूंनी वाचलं तरी चालेल.

आधी माझीच गोष्ट सांगते, म्हणजे कुणी दुसरीकडून ऐकायला नको. आमचे हे यंत्रमागवाले, तेही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपली फक्त विणायची मजुरी. पिकामागे मिळणारी मजुरी वर्षानुवर्षं जागची हलत नाही आणि लाइट बिल मात्र दर वर्षी चढतं. आठ मागांपैकी चार भंगाराच्या भावानं गेले. त्या दिवशी ह्यांनी घरी येऊन फक्त पाणी मागितलं. मोठी मुलगी तेव्हा सहावीत जाणार होती. फी 46 हजार, बसचे 14 हजार, वह्यापुस्तकं वेगळी.

कुणी म्हणेल, सरकारी योजना आहेत की. आहेत, पण आमच्यासारख्यांना त्या कुठं अडतात तेही बघा. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागा या शाळेत पहिल्यांदा प्रवेश घेतानाच्या, म्हणजे नर्सरी नाहीतर पहिलीच्या. सहावीतल्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. आर्थिक दुर्बलांसाठी आपल्या राज्यात उत्पन्नाची अट 1 लाखाची. अल्पसंख्याकांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती होती, तिलाही अट 1 लाखाचीच, आणि 2022-23 पासून ती फक्त नववी-दहावीला उरली. तहसील कचेरीतून आम्हाला मिळालेल्या दाखल्यावर आकडा होता 2 लाख 10 हजार. सरकारच्या लेखी आम्ही गरीब नाही, शाळेच्या लेखी आम्ही फी न भरणारे. या दोन्हींच्या मध्ये आपल्या समाजातली किती घरं उभी आहेत, ते एकदा शेजारच्या चार घरांत डोकावून बघा. डोकावता येणार नाही म्हणा, कारण पडदे ओढलेले असतात.

मीही पडदा ओढून दोन महिने काढले. ह्यांना म्हटलं अर्ज करू या. हे म्हणाले, "अगं, त्या कमिटीवर आपल्याच गल्लीतले आण्णा आहेत. उद्या बस्तीत त्यांच्या शेजारी पूजेला बसायचंय मला." याला आपण स्वाभिमान म्हणतो. पण दशलक्षणात दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव ऐकताना कोणता कषाय सोडायचा म्हणून आपण हात जोडतो? क्रोध, मान, माया, लोभ, यांतला दुसरा. मुलीचं शिक्षण एका पारड्यात आणि आण्णांच्या शेजारची जागा दुसऱ्या पारड्यात घालून ज्यानं दुसरं पारडं जड होतं, तो मान कषायच. माझ्यात तो भरपूर होता. अर्ज करायच्या आदल्या वर्षीपर्यंत मीच महिला मंडळात बसून एका घराबद्दल म्हटलं होतं, "त्यांच्या दारात तर स्कूटर आहे, सवलत कशाला?" ते तोंड माझंच.

आणि त्या स्कूटरवालीचं पुढे काय झालं ते ऐका. नवरा गेलेला, शिलाई मशीनवर दोन मुलं. माझं ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिनं अर्ज केलाच नाही. जूनमध्ये मुलगी शाळेत दिसली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "मामाच्या गावाला आवडतं तिला." आठवीतली पोर मामाच्या घरी राहून शिकली, आईपासून लांब. त्या वर्षी शाळेच्या निधीतले पैसे पूर्ण वाटले गेले नव्हते, हे मला पुढं कळलं. पैसे होते. अर्ज नव्हता. काकू, रांगेत उभं न राहण्याची ही किंमत, आणि ती तुम्ही-मी भरत नाही, तेरा वर्षांची पोर भरते.

आता देणाऱ्यांकडे वळते, कारण सगळा दोष लाजणाऱ्या बायकांच्या पदरात टाकून मोकळं होणं सोपं आहे.

मी शेवटी अर्ज केला. पहिली गोष्ट, त्यात मागच्या परीक्षेचे गुण विचारले होते आणि 75 टक्क्यांच्या खाली सवलत नाही असं छापलं होतं. गरजेसाठीच्या मदतीला गुणांची अट कशाला? हुशारीची शिष्यवृत्ती वेगळी. ती द्या, टाळ्या वाजवून द्या, फोटो छापा. पण माग बंद पडलेत बापाचे, आणि मोजणार पोरीचे गुण? उलट घरात ताण असतो त्याच वर्षी पोरांचे गुण घसरतात. आईला विचारा, ती सांगेल.

दुसरी गोष्ट मुलाखत. पाच जण टेबलामागे, मी समोर. एकानं माझ्या हातांकडे बघून म्हटलं, "वहिनी, बांगड्या तर आहेत." त्या बांगड्यांखाली बँकेचं सोनेतारण कर्ज होतं का, दोन्हींपैकी एक जोड खोट्या होत्या का, हे त्यांनी विचारलं नाही. कर्जाचे हप्ते, सासूबाईंच्या डायलिसिसची बिलं, मागांचं लाइट बिल, हे सगळं मी फाईलमध्ये लावून नेलं होतं. फाईल कुणी उघडली नाही. बांगड्या तेवढ्या बघितल्या.

तिसरी गोष्ट लिहायला हात अडतो. सवलतीचे चेक महावीर जयंतीच्या कार्यक्रमात, स्टेजवर बोलावून वाटायचे असा रिवाज. मी म्हटलं, घरी द्या, नाहीतर सरळ फीमधून वळते करा. उत्तर आलं, "देणगीदारांना दिसायला हवं ना, वहिनी." गेले. लेकीला नवा ड्रेस घातला, तिला वाटलं बक्षीस आहे. माईकवरून नाव पुकारलं, मागं "आर्थिकदृष्ट्या गरजू" असं जोडून. फोटो संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर. सोमवारी वर्गात एक मैत्रीण तिला म्हणाली, "तुझी फी आमच्या आजोबांनी भरली." तेव्हापासून ती डबा एकटी खायला लागली. मला हे तीन महिन्यांनी कळलं, तेही बाईंकडून.

आता जरा शास्त्राकडे बघू या, कारण असल्या कार्यक्रमात माईकवर दानाचं माहात्म्य फार सांगतात. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान हे आपण पाठ म्हणतो. फी भरणं हे त्यातलं शास्त्रदान, ज्ञानदान, असंही म्हणतो. पण दान कसं द्यायचं ते आपल्या प्रत्येक घराला येतं! मुनिमहाराज आहाराला निघतात तेव्हा ते कुणाकडे मागतात का? आपण दारात कलश घेऊन उभं राहतो. बोलावणारे आपण, प्रदक्षिणा घालणारे आपण, पाय धुणारे आपण. घेणारा मौनात असतो आणि देणारा वाकतो. ते पात्रदान, त्याची बरोबरी फीच्या मदतीशी कुणी करू नये, हे मान्य. मग तिचं नाव काय? आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी चार दत्ती सांगितल्यात: दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती, अन्वयदत्ती. दयादत्ती दीनदुबळ्या जिवांना. समदत्ती म्हणजे आपल्या बरोबरीच्याला, त्याच व्रतांनी, त्याच क्रियांनी चालणाऱ्या गृहस्थाला दिलेलं. श्वेतांबर मैत्रिणी याच्याच जवळचं काही साधर्मिक भक्ती म्हणून ओळखतात, आणि त्यातला भक्ती हा शब्द बघा. शेजारच्या पाटावर बसून अष्टद्रव्य वाहणाऱ्याच्या लेकीची फी ही समदत्ती आहे. आम्ही ती दयादत्ती करून टाकली, वर फोटो काढला.

तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दशलक्षणात वाचतो. सत्याणुव्रताचे अतिचार त्यात आहेत. त्यात एक रहोभ्याख्यान, दुसऱ्याची गुप्त गोष्ट बाहेर सांगणं. दुसरा साकारमंत्रभेद, चेहऱ्यावरून, हावभावावरून कुणाच्या मनातलं ताडायचं आणि ते फोडायचं. कमिटीतली फाईल घरी जेवताना बायकोला सांगणारे आण्णा आणि ती ऐकून कट्ट्यावर आणणाऱ्या आपण, दोघंही यात बसतो. खोटं बोललो नाही, खरंच सांगितलं, असं म्हणून सुटता येत नाही. खरं सांगूनच हा अतिचार लागतो.

त्याच यादीत कूटलेखक्रिया आहे, खोटा लेख करणं. हे आपल्यातल्या काही घरांसाठी. दुकानाचा निम्मा गल्ला रोखीत, रिटर्नवर आकडा आमच्यापेक्षा कमी, आणि सवलतीच्या यादीत नाव वर. हे चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. निधी ठरलेला असतो, मैत्रिणींनो. खोट्या दाखल्यावर उचललेले 20 हजार सरकारचे नसतात, त्या स्कूटरवालीच्या मुलीचे असतात. कमिटीवाल्यांना बांगड्या बघायची सवय लागली ती अशा अर्जांमुळेही लागली, हेही मी मान्य करते. पण त्यावर उपाय म्हणजे कागद नीट वाचणं. दाखला, रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, कर्जाचा हप्ता चारही एकत्र ठेवले की खोटं लपत नाही. स्टेजवर उभं केल्यानं खोटं बोलणारे लाजत नाहीत, खऱ्या गरजेचेच येईनासे होतात.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. जानेवारी 2014 मध्ये जैन समाजाला केंद्रानं अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. आपण पेढे वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही. म्हणजे तो दर्जा घेतलेल्या आपल्या संस्थांच्या शाळांवर 25 टक्क्यांचं बंधन राहिलं नाही. कायद्यानं दार बंद करायची मुभा दिली. ती मुभा घेतली असेल, तर गरजू मुलांसाठी दुसरं दार आपणच उघडायला नको का? एखाद्या शाळेनं अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात लावावं आणि सवलतीचा अर्ज मात्र मागितल्याशिवाय टेबलाच्या खणातून निघू नये! मला तो खणातूनच मिळाला. प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

याच मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मुलं सगळ्या जातींची, आणि स्वयंपाक करणारी बाई सोवळंओवळं मानणाऱ्या जैन घरातली. तिची आठवण आपण भाषणात काढतो. पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणीची बोली लाखांवर जाते, मीही बसून बघते, डोळे भरून येतात, ते खोटं नाही. पण एकदा तरी कुणी बोलीत म्हटलेलं ऐकलंय का, की माझ्या नावाची पाटी नको, दहा मुलींची फी भरा आणि कुणाची भरली ते मला सांगू नका?

गेल्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. सोबत एक कागद जोडला: मुलगी स्टेजवर येणार नाही, तिचं नाव पुकारायचं नाही, रक्कम फीमधून वळती करावी. महिनाभर उत्तर नाही. मग सवलत मंजूर झाली, पहिल्या वर्षीच्या निम्मी. कारण लिहिलेलं नव्हतं. उरलेले मी पापड-शेवया करून भरले, त्यातही काही विशेष नाही, आपल्यातल्या कितीजणी करतात. यंदा आम्ही पाच जणींनी मिळून संस्थेला पत्र दिलंय. अर्जावर नावाऐवजी क्रमांक असावा, नाव फक्त एका माणसाला माहीत असावं आणि तो शक्यतो गावाबाहेरचा असावा, गुणांची अट काढावी, आणि अर्ज प्रवेशाच्या फॉर्मसोबतच सगळ्यांना द्यावा, श्रीमंतांनाही, म्हणजे कोण घेऊन गेलं ते दिसणार नाही. सह्या पाच आहेत. सहावीसाठी काकूंकडे जाणार आहे.

अर्जाची मुदत मार्चअखेर. उत्पन्नाच्या दाखल्याला दिवस लागतात, तेव्हा आत्ताच सेतू केंद्रात टाका. तलाठ्याचा अहवाल लागतो, रेशनकार्ड आणि रिटर्नच्या प्रती न्या. कर्ज असेल तर बँकेकडून हप्त्याचं पत्र मागून घ्या, आजारपण असेल तर बिलं तारखेप्रमाणे लावा, आणि उत्पन्न आहे तेवढंच लिहा, एक रुपया कमी नाही. लिहायला कुणी सोबत हवं असेल तर दुपारी चार ते पाच मी घरी असते. पुढच्या दारानं या.