उस्ताद बदलून हनुवटी बदलत नाही

बॉक्सिंगचा विषय निघाला की बराकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "उस्ताद बदला, माणूस बदलतो." रंगरुटाच्या बाबतीत हे सोळा आणे खरं. पण पस्तिशीला टेकलेल्या, जगज्जेतेपद मिरवून झालेल्या हेवीवेटलाही हाच उपाय सुचवतात तेव्हा माझं डोकं फिरतं. यात फक्त पट्टा जात नाही, माणसाचा मेंदू पणाला लागतो.

पुरावा म्हणून दरवेळी इमॅन्युएल स्टुअर्डचं नाव पुढे येतं. माणूस थोरच होता. १९९४ मध्ये वेम्बलीत ऑलिव्हर मॅकॉलने लेनक्स लुईसला दुसऱ्याच राउंडमध्ये संपवलं, तेव्हा स्टुअर्ड मॅकॉलच्या कोपऱ्यात होता. लुईसने पुढे त्यालाच आपला प्रशिक्षक केलं आणि १९९७ मध्ये त्याच मॅकॉलला हरवून पट्टा परत मिळवला. व्लादिमिर क्लिच्को २००४ मध्ये स्टुअर्डबरोबरच्या पहिल्याच लढतीत लॅमन ब्रूस्टरकडून हरला, पण गुरू सोडला नाही, आणि मग २०१५ पर्यंत कुणालाच सापडला नाही.

फक्त वय बघा साहेब. स्टुअर्डकडे गेला तेव्हा लुईस तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि क्लिच्को त्याच्याहूनही लहान. दोघांकडे उंची होती, लांब हात होते आणि शिकायला पुढची दहा वर्षं होती. टायसन फ्युरीने २०२० मध्ये वाइल्डरविरुद्धच्या दुसऱ्या लढतीआधी प्रशिक्षक बदलला आणि सातव्या राउंडमध्ये जिंकला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. नवा प्रशिक्षक शुगरहिल हा स्टुअर्डचाच पुतण्या, आणि त्या तालमीची ओळख फ्युरीला आधीपासून होती. या उदाहरणांवरून उतरतीला लागलेल्या माणसाला सल्ला देणं म्हणजे भरतीच्या पोराचा डाएट निवृत्त सुभेदाराला लावणं.

आता अँथनी जोशुआ घ्या. जून २०१९, न्यूयॉर्क. तिसऱ्या राउंडमध्ये त्याने अँडी रुइझला खाली पाडलं, संपवायच्या घाईत आत घुसला आणि स्वतःच ठोसा खाऊन कोसळला. सातव्यात लढत थांबली. तेव्हा कोपऱ्यात रॉब मॅक्रॅकन होता. २०२१ मध्ये उसिककडून हरल्यावर मॅक्रॅकन गेला. मग रॉबर्ट गार्सिया, मग डेरिक जेम्स, मग बेन डेव्हिसन. सप्टेंबर २०२४, वेम्बली. डॅनियल डुबॉइसने आधीच तीनदा खाली बसवलं होतं. पाचव्या राउंडमध्ये जोशुआचा एक उजवा नीट बसला, डुबॉइस हलला, आणि गडी पुन्हा संपवायच्या घाईत आत घुसला. उलट आलेल्या उजव्याने खेळ खलास. पाच वर्षं, चार उस्ताद, चूक तीच! मधे तो चांगला लढलाच नाही असं नाही. जेद्दाहला उसिकविरुद्ध एका पंचाने त्यालाच विजयी ठरवलं होतं. पण रक्त तापल्यावर जे बाहेर येतं ते पहिल्या दहा वर्षांत मुरलेलं असतं. गोळीबारात हात कसे चालतात हे ज्याने अनुभवलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

याहून वाईट प्रकार वाइल्डरचा. फेब्रुवारी २०२० च्या त्या लढतीत सातव्या राउंडला त्याच्या कोपऱ्यातून मार्क ब्रीलंडने टॉवेल फेकला. ब्रीलंड म्हणजे १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, स्वतः माजी जगज्जेता. पोरगा मार खातोय हे त्याला दिसलं आणि त्याने थांबवलं. बक्षीस काय मिळालं? हकालपट्टी. नवा प्रशिक्षक मलिक स्कॉट, वाइल्डरचा दोस्त, ज्याला वाइल्डरने २०१४ मध्ये पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं होतं. ऑक्टोबर २०२१ च्या तिसऱ्या लढतीत सुरुवातीला पोटावर जॅब मारण्याचा नवा डाव दिसला, दम गेला तसा तोही गेला. मान्य, चौथ्या राउंडमध्ये त्याने फ्युरीला दोनदा पाडलं. पण तो त्याचा जुनाच उजवा हात होता. स्वतः तो तिसऱ्यात पडला, दहाव्यात पडला, अकराव्यात पडला. या वेळी टॉवेल आला नाही. थांबवलं ते रेफरीने.

माझं भांडण इथे आहे. उतारावरच्या हेवीवेटसाठी कोपऱ्यातल्या माणसाचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे वेळेवर "बस" म्हणणं. १९७५ ला मनिलात चौदा राउंड झाले होते. जो फ्रेझरला एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसरा बंद होत आला होता, आणि तो पंधराव्याला उठायला निघाला होता. एडी फचने त्याला खाली बसवलं. फ्रेझर चिडला, पण लढत तिथेच संपली. १९८० मध्ये होम्ससमोर अलीचे हाल होत होते, तेव्हा दहाव्या राउंडनंतर अँजेलो डंडीने तेच केलं. डंडी अलीबरोबर जवळपास वीस वर्षं होता.

महिन्याभरापूर्वी नेमलेला, जिंकून द्यायच्या बोलीवर आलेला माणूस हे करील का? आणि ज्याने केलं त्याची नोकरी गेली, हे त्याला ठाऊक नसतं का?

म्हणून यापुढे कुठल्या बुजुर्ग हेवीवेटने नवा प्रशिक्षक घेतल्याची बातमी आली, तर मला त्यांच्या सरावाचे व्हिडिओ पाठवू नका. त्या प्रशिक्षकाने आपल्या माणसाची लढत आजवर स्वतः कधी थांबवली आहे का, तेवढं कळवा.