मुरड आणि मुलामा

दिवाळीचा शेवटचा घाणा उतरून आठवडा होत नाही, तोच नाताळच्या ऑर्डरींचे फोन सुरू होतात. ज्यांनी मनुका-बेदाणे रममध्ये भिजत घातले आहेत त्यांनी निवांत बसून हे वाचावे. ज्यांनी नाही, त्यांनी आधी तेवढे काम उरकावे.

या वेळी बोलायचे आहे ते सजावटीबद्दल. केकवर, मिठाईच्या ताटात, जेवणाच्या टेबलावर नाताळच्या नावाने आपण जे लावतो, चिकटवतो, भुरभुरवतो, त्यातले निम्मे काढून टाकले तर पदार्थाचे काही बिघडेल का? माझे उत्तर बऱ्याच जणांना रुचणार नाही. म्हणून आधी माझीच फजिती सांगतो.

बरीच वर्षे झाली. फ्रूट केकच्या चाळीसेक ऑर्डरी होत्या आणि बदामाचा भाव चढलेला. केकला आधी जर्दाळूच्या जॅमचा हात, त्यावर मर्झीपानची पोळी आणि तिच्यावर पांढरेशुभ्र रॉयल आयसिंग, अशी जुनी रीत. आयसिंगखालचे मर्झीपान कोणाला दिसते, असा हिशेब करून मी तो थर गाळला. दुसऱ्या दिवशी केक कसे, बगळ्याच्या पंखासारखे. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर चहा सांडल्यासारखे डाग उमटू लागले. फळांचा आणि काळसर केकचा रंग ओलाव्याबरोबर आयसिंगमध्ये चढला होता. मर्झीपानमधले बदामाचे तेल आणि साखर मिळून तोच ओलावा अडवतात. मी ज्याला शोभा समजलो ते छताचे वॉटरप्रूफिंग होते. गोव्यात बदामाऐवजी काजूचे मर्झीपान सर्रास करतात, हे मला तेव्हाही माहीत होते. लोभाच्या वेळी आठवले नाही, इतकेच.

तेव्हापासून कुठलीही जुनी सजावट दिसली की मी तिला एकच प्रश्न विचारतो. बाई, तू इथे काम काय करतेस? आणि बहुतेक वेळा उत्तर मिळते.

नेवरीचेच बघा. गोव्यात ती चतुर्थीलाही होते आणि नाताळालाही. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतही नाताळच्या फराळात करंजी असतेच. तिच्या कडेला घातलेली मुरड सुबक दिसते खरी, पण ती तिथे आली सारण तेलात फुटू नये म्हणून. कातण्याने कापलेल्या कडेपेक्षा हाताने घातलेली मुरड जास्त भरवशाची, हे तळणीवरच्या बाया अजूनही सांगतात.

कुलकुलांची गोष्ट तीच. वसई-उत्तनपासून मडगावपर्यंत घरोघरी पिठाची गोळी कोऱ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबतात आणि गुंडाळून घेतात. शिंपल्यासारखे रेघांचे अंग तयार होते. पण त्या दाबण्याने पीठ पातळ होते, गुंडाळीत पोकळी राहते, त्यामुळे कुलकुल आतपर्यंत खुसखुशीत तळले जाते आणि पाकवायचे असेल तर खाचांमध्ये साखर धरून बसते. साच्यातून काढलेली गुळगुळीत कुलकुले मी चाखून पाहिली आहेत. वरून कडक, मध्ये कच्ची. (गोव्यात कुलकुलांना किडयो, म्हणजे किडे, असेही म्हणतात. पाकिटावर मात्र कुलकुलच छापा.) हरभऱ्याच्या डाळीच्या आणि खोबऱ्याच्या दोसावर सुरीने आखलेल्या शंकरपाळी चौकटी तर वडी कापायच्या खुणाच आहेत.

हे फक्त आपल्या किनाऱ्याचे शहाणपण नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा श्टोलेन भट्टीतून निघाला की त्याला वितळलेल्या लोण्याने न्हाऊ घालतात आणि वर पिठीसाखरेचे जाड पांघरूण देतात. कापडात गुंडाळलेला बाळ येशू, असे त्या रूपाकडे पाहिले जाते. भाव खराच आहे. शिवाय लोणी-साखरेच्या त्या कवचामुळे तो पाव आठवडेच्या आठवडे सुकत नाही.

आता बेबिंक. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नारळाचे दूध, अंड्याचे पिवळे बलक, साखर, मैदा, जायफळ यांचे पातळ मिश्रण एका वेळी एकाच थराचे ओतायचे, वरच्या आचेवर तांबूस होऊ द्यायचे, तूप सोडायचे आणि मग पुढचा थर. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. रिवाजाने थर सात, हौस असेल तर सोळापर्यंत. एवढी मेहनत करून झाल्यावर त्याच्या माथ्यावर व्हिप क्रीमचे फूल आणि लाल चेरी ठेवलेली मी पाहिली आहे. तीही चेरी म्हणजे रंगवून पाकवलेले करवंद, हे आपल्या धंद्यातल्यांना सांगायला नको. बेबिंकाची सजावट त्याच्या कापलेल्या अंगावर असते. पूर्ण गार झाल्यावरच कापा, दर कापानंतर सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि तुकडा बशीत आडवा ठेवा. पट्टे दिसले की ग्राहक वरच्या क्रीमची आठवणही काढत नाही.

हिमाबद्दल थोडे. मुंबई-वसईत कोणाच्या आजोबांनीही नाताळात हिम पाहिलेले नाही, तरी आपल्या काचेच्या कपाटांत ते दरवर्षी पडते. साधी पिठीसाखर ओलसर केकवर टिकत नाही, तासाभरात विरते. न विरघळणारी म्हणून मिळते ती साखर म्हणजे बहुधा स्निग्धांशाचे आवरण दिलेले डेक्स्ट्रोज. ती जिभेवरही लवकर विरत नाही. हिमाची फारच हौस असलेल्या ग्राहकाला सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस सुचवून बघा. पांढरा तोही असतो आणि चवीत भर घालतो.

फाँडंटची घरे-हरणे करणाऱ्यांना एवढेच सांगणे की फ्रिजमधून काढलेला केक लगेच उघडू नका. आपल्या दमट हवेत त्याला घाम फुटतो आणि सांताच्या टोपीचा लाल रंग दाढीवर ओघळतो. खोका बंद ठेवूनच केक बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. घाम खोक्याला येईल.

एका बाबतीत मात्र मी विनोद करणार नाही. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिले म्हणजे ती चकाकी खाण्याची झाली असे नाही. घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक नसेल तर ती डबी भटारखान्यात येता कामा नये. हॉलीची खरी लाल फळे विषारी असतात आणि पॉइन्सेटियाच्या चिकाने त्रास होतो. ती झाडे दारात शोभतात, केकवर नाही.

तिखटाच्या टेबलाला फारसे सांगायची गरज नाही. सोरपोटेल दोन-तीन दिवस मुरलेले असले आणि शेजारी पांढऱ्याशुभ्र सान्ना असल्या की कोथिंबिरीची काडी खोचणारा माणूस मला उगाच घाबरलेला वाटतो. गोव्याच्या पुलावावर तळलेला कांदा, उकडलेले अंडे, शोरीसाचे काप आणि ऑलिव्ह मांडतात. मऊ भाताला कुरकुरीतपणा, आंबटपणा, तिखटपणा जिथे हवा तिथे तो ठेवलेला असतो, आणि ताटातून काही उचलून बाजूला टाकावे लागत नाही.

राहिले शेजारी धाडायचे ताट, गोव्यातले कोन्सुआद. त्याची ऑर्डर आता शहरांतूनही येऊ लागली आहे. काळा दोदोल, पिवळसर दोस, सोनेरी नेवऱ्या, फिकी कुलकुले. रंग तिथे आधीच जुळलेले आहेत. जुन्या घरांत त्यावर क्रोशाचा रुमाल असे. माशी आत जात नसे, वाफ बाहेर पडत असे. आपण त्याच ताटाला प्लास्टिक घट्ट ताणून चमकदार फीत बांधतो आणि पोहोचेपर्यंत नेवरी मऊ पडते. जाळीचे स्वच्छ कापड फार महाग पडत नाही. दोदोल तेल सोडतो, तेव्हा तो नेवरीला थेट टेकवू नका. मध्ये केळीच्या पानाचा उभा तुकडा घाला. ताटात हिरवा रंग नव्हता, तोही येईल.